भुईगावच्या सहलीची तारीख

२ मार्च, सोमवार
जेवताना मुक्ताने जाहीर केलं, लग्न करायचं म्हणते त्या रॉयस्टनच्या घरच्यांना भेटायला जायचं. नुसतं जायचं नाही, सहल काढायची. सायकली टेम्पोने भाईंदरला न्यायच्या, तिथून बोटीने वसई किल्ला, पुढे सायकलवरून घरोघरची वाईन चाखत भुईगाव. आमच्या आचोळ्याहून सरळ रिक्षा करून जाता येतं. पण नाही, बाबांना बोट आवडते! लहानपणी देवगडला लाँचमध्ये बसायचो, म्हणून आता पोरगी देऊन टाकायची? सौ. गप्प. म्हणजे फितूर.

५ मार्च, गुरुवार
मु. मोबाइलवर नकाशा दाखवते. रॉयस्टनच्या मावशीकडे जांभळाची वाईन, काकांकडे द्राक्षाची, शेवटी त्याच्या आईकडे आल्याची. येताना निर्मळवरून. म्हटलं, परत येताना सायकल कोण चालवणार, मी की वाईन? कोणी हसलं नाही.
ऑफिसात जातधर्म मानत नाही म्हणून आयुष्यभर ऐट मारली. पण हे लग्न मला नको. इथे लिहायला कोणाची भीती?

९ मार्च, सोमवार
तारीख तुम्हीच ठरवा, मु. म्हणाली. ठरवली. ३ एप्रिल, गुड फ्रायडे, सगळ्यांना सुट्टी. ऑफिसात शेजारच्या टेबलावर वर्षानुवर्षं वसईचा ख्रिस्ती माणूस बसायचा, मला सगळं ठाऊक आहे. त्यांचा कडक उपास, चर्चची घंटासुद्धा वाजत नाही. अशा दिवशी आम्ही वाईन चाखायला दारात! नाहीच म्हणतील. मग नकार त्यांचा, मी नामानिराळा. बऱ्याच दिवसांनी गाढ झोप.

१२ मार्च, गुरुवार
होकार आला. वाईन नाही, बाकी बेत तोच. दुपारी त्यांच्याबरोबर चर्चमध्ये, मग घरी पेज.
मु. गळ्यात पडली. "बाबा, तुम्ही मुद्दाम त्यांचा एवढा मोठा दिवस निवडलात?" हो म्हणालो. तिचे डोळे भरून आले. सौ.ने माझ्याकडे नुसतं बघितलं. ती ओळखून आहे.
डाव माझ्यावरच उलटला. चरफडतोय.

१५ मार्च, रविवार
रॉयस्टनच्या आईचा फोन. पहिल्यांदाच बोललो. वाडीत केळींना पाणी लावून आल्या होत्या, दम लागलेला. नमस्कार वगैरे नाहीच.
"तारीख मुद्दाम धरली ना तुम्ही?"
म्हटलं, सुट्टी होती म्हणून...
"मला फसवू नका. मला पन हे लग्न नको होतं. पन माझ्या पोराने तोंडावर विचारलं, तर मी तोंडावर सांगितलं. तुम्ही पोरीला काय सांगितलं?"
मग म्हणाल्या, मुक्ता सगळीकडे सांगत सुटली आहे की बाबांनी मान म्हणून हा दिवस निवडला. "मी तिला काय बोलले नाही. तुम्ही बोटीत बसायच्या आधी तिला खरं सांगा. नाही सांगायचं, तर माझ्या घरी नीट बसून पेज खायची. तोंड वाकडं केलेलं मी चालवून घेणार नाही, उपास असला तरी."
फोन ठेवला. काय बाई आहे! गॅलरीत चार फेऱ्या मारल्या, रागाने. रागानेच.

२८ मार्च, शनि.
सांगायला तिच्या खोलीत गेलो. माझ्यासाठी पांढरा शर्ट आणलेला, इस्त्री करत होती. चर्चमध्ये चालेल ना, म्हणाली. चालेल म्हणून परत आलो.
कॉलर घट्ट आहे.

३ एप्रिल, शुक्र. भाईंदर जेटी
टेम्पो गेला. सौ. सावलीत बसली आहे, माझ्याशी बोलत नाही. मु.ने तिन्ही सायकली धुऊन आणल्यात. हँडल धरून उभी, सारखी माझ्याकडे बघून हसते. मला तिचा राग येत नाही, तेच वाईट.
अजून सांगितलेलं नाही. मघाशी तोंड उघडलं होतं. म्हणाली, "बाबा, तुम्ही ही तारीख दिलीत ना, तोवर मी सामान बांधून ठेवलं होतं. घर सोडणार होते."
बोट लागली. ती हाक मारतेय, आधी तुमची सायकल चढवा म्हणून.