खंडेनवमीची फियाट

वारजे, पुणे
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

चि. नीरजास,
अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुझी तब्येत, जेवणखाण नीट असेल असं धरून चालते.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तुझे बाबा शेजारी बसून सगळं ऐकतात, आणि मला जे सांगायचंय ते त्यांच्यासमोर सांगायची सोय नाही. आत्ता ते खाली पार्किंगमध्ये फियाटमध्ये जाऊन बसलेत.

तू पाठवलेला भंगारवाला शुक्रवारी येऊन गेला. सभ्य होता बिचारा. त्याला चहा दिला आणि परत पाठवला. रागावू नकोस. "बाबा वर्षभर गाडी चालवत नाहीत, सोसायटीवाले कुरकुरतात, मग ते धूड ठेवायचं कशाला?" हे तुझं म्हणणं चूक नाही. बेंगळुरूत बसून मीही तेच म्हटलं असतं.

पण आधी खंडेनवमीचं ऐक.

यंदा बाबांनी हट्टच धरला, गाडीची पूजा कारखान्यात करायची. म्हटलं, अहो, कारखाना कधीच बंद पडला, तिथे आता बावीस मजले उभे आहेत. तर म्हणाले, "जागा तर तिथेच आहे ना? का तीही उचलून नेली?"

तुला आठवतं ना गं? वर्षातून तो एकच दिवस बायकापोरांना आत सोडायचे. आपण नटूनथटून चिंचवडला जायचो. यंत्रांना झेंडूच्या माळा, ऑइलच्या वासात पेढ्यांचा वास. बाबांच्या यंत्राला हळदकुंकू लावून तू सगळ्यांना सांगत सुटायचीस, आमच्या फियाटचे गिअर इथेच होतात म्हणून. यवतमाळहून आलेल्या तुझ्या बाबांनी आयुष्यभर गिअरच केले, त्यामुळे कोणी तुला खोटं पाडलं नाही. सुट्टीचा भोंगा झाला की तो रस्ता सायकलींनी भरून जायचा. आता तिथे दोन कॅफे आणि कुत्र्यांचं सलून आहे. कुत्र्यांची तरी सोय झाली.

तर गेलो. गेटवरच्या सिक्युरिटीच्या बाईने विचारलं, "काका, कंच्या फ्लॅटला?" बाबांनी आपल्या जुन्या खात्याचं नाव सांगितलं, "टूलरूम." ती बिचारी यादीत शोधायला लागली. शेवटी बाबांच्या हातातला नारळ बघून म्हणाली, "असा फ्लॅट न्हाय हितं. नारळ फोडायचा तर गेटातच फोडा, पर लवकर. मागं गाड्या हायेत." मग मी झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं, बाबांनी नारळ फोडला. मागचे हॉर्न वाजवत होते. बाबांनी हळूच मला विचारलं, "मथुरा, माझं मशीन कुठल्या बाजूला होतं?" त्या जागी आता पोहण्याचा तलाव आहे. मी त्यांचा दंड धरून त्यांना तिकडे वळवलं. त्यांनी नमस्कार केला. मला रडू आलं.

आता कळलं असेल तुला. बाबांना दिसत नाही, नीरजा. काचबिंदू. डावा डोळा गेलाच, उजव्याने उजेड आणि अंधार तेवढा कळतो. तुला सांगितलं तर नोकरी सोडून येशील, म्हणून त्यांनी मला शपथ घातली होती. आज ती मी मोडली.

मग चिंचवडपर्यंत गाडी गेली कशी? मी नेली.

हसू नकोस. जूनमध्ये ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं. शिकवणारी उत्कर्षा तुझ्याहून लहान. पहिल्या दिवशी म्हणाली, "आजी, नातवाला न्यायला आलात का?" म्हटलं, नाही, नवऱ्याला न्यायचंय, म्हणून शिकायला आले. लायसन्स मिळालं. पण त्यांच्या गाडीचा गिअर खाली, आपल्या फियाटचा स्टेअरिंगला. तो बाबांनी शिकवला, पार्किंगमध्ये उभ्या गाडीत, माझ्या हातावर हात ठेवून. उभ्या संसारात इतका वेळ त्यांनी माझा हात धरला नव्हता.

रस्त्यावर ते इंजिन ऐकतात आणि सांगतात, "आता तिसरा." मी टाकते. कधी चुकत नाहीत. मात्र वारजे पुलावर फारच सूचना द्यायला लागले, तेव्हा म्हटलं, अहो, डोळे माझे, कान तुमचे, तोंड दोघांनी बंद ठेवू.

घरात ते भिंत चाचपत चालतात, पाण्याचा पेलासुद्धा मागून घेतात. गाडीत बसले की माझ्या चुका काढतात, चिडतात, पाठ थोपटतात. ती गेली तर हा माणूस मला परत भेटायचा नाही. मला भीती वाटते ती याचीच.

कागदोपत्री गाडी तुझ्या नावावर आहे, तेव्हा ठरवायचं तूच. माझं एवढंच म्हणणं, दिवाळीला येशील तेव्हा स्टेशनवर रिक्षा करू नकोस. आम्ही दोघं न्यायला येऊ. मागच्या सीटवर तुझ्या नेहमीच्या जागी बस आणि घर येईपर्यंत आमचं बोलणं ऐक. त्यानंतरही भंगारवाल्याला बोलवावंसं वाटलं तर बोलव, मी अडवणार नाही.

डोळ्यांचं तुला कळलंय हे त्यांना दाखवू नकोस. ते स्वतः सांगतील.

खाली हॉर्न वाजतोय. रविवारची खडकवासल्याची फेरी राहिलीय, आणि साहेबांना उशीर खपत नाही.

तुझी आई,
आणि बाबांची ड्रायव्हर