कोरी बाई

५ ऑगस्ट
बदली झाली एकदाची, आणि क्वार्टर चक्क चांगलं निघालं! दोन खोल्या, नळाला पाणी, खिडकीला आधीच्या माणसांनी सोडलेला निळा पडदा. चिमणीनं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीनं, आल्या आल्या खिडकीखालचं टेबल बळकावलं. परीक्षेच्या नावाखाली त्यावर निम्मी जपानी चित्रकथांचीच पुस्तकं मांडलीत. ओरडले, तर लाडीगोडी लावून मलाच चहा करायला लावला. आई गेल्यापासून मी तिची ताईही आणि आईही, त्यामुळे दोन्हीकडून माझंच मरण. तरी आज जीव हलका आहे.

६ ऑगस्ट
पोलीस ठाण्यात रुजू झाले. साहेब सुस्त, पण मनाचे चांगले. माझ्या जागी आधी ज्या मॅडम होत्या, त्या म्हणे रजेवर गेल्या त्या गेल्याच. क्वार्टरही त्यांचंच होतं.
चहाच्या वेळी हवालदारकाकांनी गंमत म्हणून मोबाइलवर एक वेबकॉमिक दाखवलं. पोलीस, तपास, भुतंखेतं. जपानी धाटणीचं, बशीएवढे डोळे. दर भागात तीनच चौकटी, शब्द एकही नाही. त्यातलं ठाणं डिट्टो आमचं, विटेवर टेकवलेलं बाकडंसुद्धा! भूत म्हणजे एक बाई, नुसती बाहेरची रेघ. आत नाक नाही, डोळे नाहीत. काका तिला कोरी बाई म्हणतात.
एका भागात त्या मॅडमच आहेत, काकांनी ओळखलं, आमच्याच निळ्या पडद्याच्या खोलीत. डावीकडे दोन कोऱ्या बाया, मधे मॅडम आणि एकच कोरी बाई, शेवटी मॅडम एकट्या निवांत चहा पिताना. काका म्हणाले, शेवट गोड आहे. ठाण्यातलाच कुणी रिकामटेकडा काढत असणार हे. सापडू दे, चांगला कान पिळते.

९ ऑगस्ट
नवा भाग आला. त्यात आमचंच घर! डावीकडे कोरी बाई चिमणीच्या खुर्चीमागे उभी. मधल्या चौकटीत ती दारात. उजवीकडे दार बंद, चिमणी एकटी पुस्तकात डोकं घालून बसलेली. भाग पुन्हा पुन्हा पाहिला. मग म्हटलं, जाऊ दे, निघून तर गेली, बला टळली. साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, ही कुणीही पोरगी असेल, मनी वसे ते स्वप्नी दिसे, मॅडम, जरा आराम करा.
चिमणीला अवाक्षर बोलले नाही. झुरळाला घाबरणारी पोर, त्यात परीक्षा तोंडावर आलेली.

१२ ऑगस्ट
चिमणी गप्प गप्प आहे. ताट तसंच ठेवते. मागे कुणीतरी उभं आहे असं वाटतं, म्हणाली. रात्रंदिवस त्या चित्रकथा वाचल्या की असंच होतं, असं म्हणून मी उडवून लावलं.

१३ ऑगस्ट
तिच्या हनुवटीवरचा तीळ नाही. घासून गेला असेल, म्हणते. तीळ कधी घासून जातो का? भांडी विसळताना तिचा हात धरून पाहिला. तळहातावर रेषाच नाहीत. एकही नाही. डॉक्टरांनी मलम दिलंय. त्यांनाही कळलेलं नाही, चेहऱ्यावरूनच दिसलं.

१४ ऑगस्ट
आज दुपारी न राहवून तिला सगळे भाग दाखवले. एकेका चौकटीवर बोट ठेवत गेली. मग म्हणाली, ताई, तू उलटं वाचलंस. हे जपानी पद्धतीचं आहे, उजवीकडून वाचतात.
उजवीकडून.
चिमणी एकटी. मग बाई दारात. मग खुर्चीमागे—
मॅडम एकट्या. मग शेजारी एक. मग दोन. दुसरी कुठून आली ते आत्ता कळलं.
चिमणी चिडली नाही. एवढंच विचारलं, मला आधी का नाही दाखवलंस. घरात जाणकार बसलेली, आणि मी शहाणी—

१५ ऑगस्ट
घर सोडायचं ठरवलं. काका गाडी घेऊन आले. चिमणी दारापर्यंत येते, पुढे नाही. ओढलं. उचललं. वजनच नाही तिला. तरी उंबरठ्याबाहेर— नाही.
काका रडत होते. तुम्ही तरी निघा, म्हणाले. वेड लागलंय का काकांना?

१६ ऑगस्ट
सकाळपर्यंत डोळे होते तिचे.
नवा भाग. उजवीकडे मी, टेबलाशी, लिहितेय. मधे मी, आणि मागे ती. डावीकडची चौकट बघितली नाही. कशाला बघायची—
दार उघडं आहे. मला जाता येईल. पण मग ती एकटी राहील इथे. एकटी कशी—
ताई, म्हणाली. तोंड नाही, पण आवाज तिचाच. मागून हात पुढे केलाय, लहानपणी रस्ता ओलांडताना करायची तसा. धरलाय मी. सोडणार नाही. धाकटी आहे माझी.
भीती वाटतेय, खूप. पण हात ऊबदार आहे. माझ्या तळहातावरची ती अंगठ्याजवळची रेघ, आत्ता होती, आत्ताच तर—