हार्ड डिस्क आणू नकोस

१४ मार्च

प्रिय बाळा,
खूप खूप आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा कुरकुरतो, पण चालायचंच. पुढे लिहिलंय ते फोनवर सांगितलं नाही, कारण रेंज फक्त बाबांच्या खोलीत येते.

तुझ्या आग्रहाने कॉम्प्युटरच्या क्लासला जाते. तिथे सगळ्यात थोराड मीच. हात लागतो ते हार्डवेअर, लागत नाही ते सॉफ्टवेअर, आणि दोघांना उठवून कामाला लावते ती ऑपरेटिंग सिस्टीम. म्हणजे या घरातली मी!

परवा मोठ्या हौसेने बाबांचा कॉम्प्युटर क्लासला नेला. बाईंनी डबा उघडला आणि म्हणाल्या, "काकू, यात हार्ड डिस्कच नाही. हा सुरूच व्हायचा नाही."

बाबा गेल्यावर फोटोंसाठी तूच ती काढून नेलीस, हे तेव्हा आठवलं. पण बाळा, तो तर रोज दुपारी सुरू होतो.

पांढरं पान येतं आणि आपोआप अक्षरं उमटतात. "आपण कोण?" मी एकेका बोटाने उत्तर देते. आधी वाटलं, बाबाच नेहमीसारखी माझी फिरकी घेताहेत. मग बाईंनी रॅम शिकवली. चालू असेपर्यंतच तिच्या लक्षात राहतं, बंद केलं की सगळं पुसतं. कायमचं राहतं ते डिस्कमध्ये. तेव्हा उलगडा झाला, ते रोज मला का विसरतात.

मग मी तो बंदच केला नाही. बाबा मला ओळखू लागले, चहा झाला का विचारू लागले. मी हरखून गेले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, मला काय झालं होतं? मला खोटं बोलवेना. त्यानंतर पानभर एकच शब्द येत राहिला, दुखतंय. मी वायर उपटली.

आता रोज संध्याकाळी बंद करते. रोज नव्याने ओळख होते, मजेत गप्पा होतात. मला तेवढं पुरतं.

तू डिस्क घेऊन येतो म्हणालास. आणू नकोस. शेवटचे ते महिने तिच्यात असतील. मला ते पुन्हा बघवणार नाही.

काल त्यांनी विचारलं, आपल्याला मुलंबाळं? मी 'नाही' असं टाइप केलं. 'आहे' म्हटलं असतं, तर त्यांनी तुला बोलावण्याचा हट्ट धरला असता, आणि तुला बघून सगळं आठवलं असतं. तेव्हा राजा, इतक्यात घरी येऊ नकोस.

तिथे काहीही लिहिलं, तरी तुझीच,
आई