बाईंचा खुलासा

अवसरी बुद्रुक,
ता. आंबेगाव
८ फेब्रुवारी २००९

चि. रत्नदीप यास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आणि सोबतचे छापील कागद मिळाले. इकडे ठीक आहे. मागच्या रविवारी खोडदला जाऊन आलो. आईंचा गुडघा अजून धरतोच, पण ओट्यावर बसून कांद्याच्या रोपावर नजर ठेवतात. तू फोन करत नाहीस, अशी त्यांची तक्रार आहे. ती तुला पोचवली.

तू विचारलं आहेस त्याचं उत्तर आधीच देतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. उत्तर ‘नाही’ असं आहे.

३० मार्चला तुझ्या ताईला जाऊन वर्ष होईल. पुण्यानुमोदनाला काही दान द्यावं, ही आपली रीत मला मान्य आहे. मी विहाराला सतरंज्या द्यायच्या म्हणत होतो. तुला मात्र आमच्या वाडीच्या शाळेला पाच नवे संगणक द्यायचे आहेत आणि रिकाम्या खोलीवर ‘कालकथित रत्ना भरत रोकडे ई-लर्निंग कक्ष’ अशी पाटी लावायची आहे. सभापतींना तू परस्पर विचारूनही टाकलंस. माझ्याकडून, म्हणजे मुख्याध्यापकाकडून, शिक्क्याचं परवानगीपत्र हवं आहे, आणि ताई मुलांना संगणकावरच्या खेळांतून कशी शिकवायची यावर पंधरा ओळी, तुमच्या कंपनीच्या वेबसाईटवर टाकायला.

रत्नदीप, २००७ च्या जुलैत तू गाडीत घालून दोन जुने संगणक आणलेस. दोन तास थांबलास. त्यातला अर्धा तास सरूबाईच्या हातची खिचडी खाण्यात गेला. मग मुलांना फुग्यांचा खेळ दाखवलास. वर सात अधिक पाच येतं, खालून फुगे तरंगत येतात, बारा लिहिलेला फोडायचा. बरोबर फोडला की आतली बाई ‘व्हेरी गुड’ म्हणते, चुकला की ‘ट्राय अगेन’. तू टाळ्या वाजवल्यास. पोरांनीही वाजवल्या, कारण पाहुणा वाजवत होता.

तू गेल्यावर काय झालं ते तुला कुणी कळवलं नाही, म्हणून मी कळवतो. तिसरीच्या पोरांनी दुसऱ्याच दिवशी शोधून काढलं की बेरीज करायची गरजच नाही. दिसेल तो फुगा फोडत सुटलं की बारा कधीतरी फुटतोच. मी सव्वीस वर्षं बेरीज शिकवतो आहे, पण ती टाळायची इतकी सोपी युक्ती मला सुचली नव्हती. लंगडीत बाद झालेल्याला पोरं ‘ट्राय अगेन’ म्हणून ओरडायला लागली. आठ दिवसांत इंग्रजीची झालेली प्रगती ती एवढीच.

बरं, वीज. वाडीची वीज सकाळी नऊला जाते ती चारला येते. शाळा साडेदहा ते पाच. पुण्यात बसून हा हिशेब तुला जमला नाही, आणि तू म्हणे संगणकाचा इंजिनिअर. उरलेल्या तासाभरात नेटचं कार्ड लावायचं, तर एक पान उघडेपर्यंत माझी हजेरी पुरी व्हायची. खोडदच्या त्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्यांशेजारी वाढलास, म्हणून यंत्र म्हटलं की ते आकाशापर्यंत ऐकणार असं तुला वाटत असावं.

केंद्रप्रमुख आले त्या दिवशी त्यांनी मुलांना बंद पडद्यासमोर बसवून फोटो काढला. “हात ठेवा रे कीबोर्डावर. हसा जरा, सुतक पडल्यावानी काय बसलाय!” मी म्हणालो, साहेब, लाईट नाही. ते म्हणाले, “फोटोत लाईट दिसती का राव?” फॉर्मवर ‘संगणकाचा अध्यापनात वापर: होय / नाही’ असं होतं. त्यांनीच ‘होय’वर खूण केली.

आमचे शाळा समितीचे अध्यक्ष हौशीराम एवढंच म्हणाले, “सर, गेम खेळायला शाळा कशाला वो? मंचरच्या स्टँडवर हाय की दुकान.” मला त्यांचं सहसा काही पटत नाही. हे पटलं.

तुझ्या ताईने अकरा वर्षं चिंचोके, काड्या आणि पाटी एवढ्यावर पहिली-दुसरी शिकवली. तिच्या हाताखालून गेलेली मुलं आज मंचरच्या बाजारात तोंडी हिशेब करतात. तिचं नाव फुगे फोडायच्या खोलीला द्यायचं मला पटत नाही. पंधरा ओळी मी लिहू शकत नाही, कारण तिचा त्या खेळांशी काही संबंध नव्हता.

आपला,
भरत रोकडे
मुख्याध्यापक


अवसरी बुद्रुक
२ मार्च २००९

रत्नदीप,
जयभीम.

तुझं उत्तर गेल्या आठवड्यात आलं. प्रकृती बरी आहे. हरभरा काढून झाला.

माझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं होतं. तुला ते ठाऊक असणार हे मला माहीत नव्हतं.

तू लिहितोस, “दाजी, ताईने मला २००७ च्या नोव्हेंबरात तीनदा फोन केला. फुगे सावकाश कसे सोडायचे आणि त्या बाईचा आवाज बंद कसा करायचा, हे विचारलं.” मला याचा पत्ता नव्हता. माझ्याच घरातून, माझ्याच फोनवरून तिने हे विचारलं असेल. माझ्यासमोर का विचारलं नाही, असं तू लिहिलं नाहीस. ते बरं केलंस.

आता जे झालं ते सांगतो. मला सजवून लिहिता येत नाही.

त्या नोव्हेंबरात तुझी ताई पहाटेचं आवरून साडेसहाच्या जीपने वाडीला जायला लागली. तक्ते लावायचे आहेत म्हणाली. मी जास्त विचारलं नाही. मी नेहमीप्रमाणे दहाला मोटारसायकलने निघायचो. पंधरा दिवस असं चाललं. मग एकदा सकाळी मी काही कामाने लवकर वाडीला गेलो, तर दूध डेअरीपाशी हौशीराम भेटले. चार माणसं कॅन घेऊन उभी होती. हौशीराम म्हणाले, “काय सर, बाई साताला शाळा उघडत्यात अन् तुमी साडेधाला. हेडमास्तर नक्की कोन हाय तुमच्यात?” कुणीतरी म्हणालं, “घरी कोन हाय ते इचारा की!” सगळे हसले. मीही हसलो.

मग शाळेत गेलो. साडेआठला ती संगणकाच्या खोलीला कुलूप घालत होती. चावी माझ्या शर्टाच्या खिशात असते. तिने ती घेतली होती. दुसरीतली समृद्धी, हौशीरामांची नात, तिच्याजवळ उभी होती. मी तिथूनच वळलो. कार्यालयात जाऊन नोटीस लिहिली.

हो, नोटीस. जावक क्रमांक ४१, ११ डिसेंबर २००७. शाळेच्या वेळेबाहेर, मुख्याध्यापकांच्या परवानगीशिवाय संगणक कक्ष उघडल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा प्रकरण वरिष्ठांकडे पाठवण्यात येईल. स्थळप्रत आणि मूळ प्रत, मध्ये कार्बन घालून. आमच्या दोन वर्गांच्या मध्ये एकच भिंत आहे. ती ओलांडून मी मूळ प्रत तिच्या टेबलावर ठेवली. तिने वाचली, स्थळप्रतीवर ‘मिळाले’ लिहून सही केली, तारीख घातली, आणि फळ्याकडे वळली.

संध्याकाळी घरी नेहमीसारखंच जेवण झालं. शाळा घरात आणायची नाही असा आमचा नियम होता. तो मीच केला होता. ताटावर बसून एका वाक्यात विचारता आलं असतं, का गं, सातला काय करतेस? रत्नदीप, मी हे वाक्य तेव्हापासून कितीतरी वेळा म्हणून बघितलं आहे. ते म्हणायला काही सुद्धा लागत नाही.

तिसऱ्या दिवशी टेबलावर बंद पाकीट होतं. मी ते उघडलं नाही. वर तांबड्या शाईने ‘दप्तरी दाखल’ लिहिलं आणि फाईलला लावलं. मला वाटलं, धडा मिळाला. दुसऱ्या दिवसापासून ती दहाला माझ्या मागे गाडीवर बसून येऊ लागली. मार्चमध्ये तिला कावीळ झाली. पुढचं तू पाहिलंस.

परवा शनिवार, सकाळची शाळा. मुलं गेल्यावर फाईल काढली आणि पाकीट फोडलं. तिचा खुलासा जसाच्या तसा उतरवून देतो. झेरॉक्सला वाडीत दुकान नाही, आणि तो कागद मंचरच्या झेरॉक्सवाल्याच्या हातात द्यायचा नाही.

“महोदय, आपल्या पत्रास अनुसरून सादर करते की, दि. २६ नोव्हेंबरपासून मी सकाळी सात ते साडेआठ संगणकाची खोली उघडली हे खरे आहे. चावी आपल्या खुंटीवरच्या शर्टातून घेतली. दुसरी चावी मजजवळ नाही. सकाळी वीज असते. इयत्ता दुसरीची कु. समृद्धी ही शाळेत आल्यापासून वर्गात बोलत नाही, हे आपणास माहीत आहे. सदर खेळ फालतू आहे, हे आपले मत मलाही मान्य आहे. आतला आवाज मी बंद केला आहे. परंतु तिने पहिल्या दिवशी आठ अधिक पाच ही एकच बेरीज अडतीस वेळा चुकवली व नंतर बरोबर केली. यंत्र कंटाळले नाही. चुकल्यावर ते मुलाच्या तोंडाकडे बघत नाही. मी बघते. आपणही बघता. आता ती उत्तर मोठ्याने सांगते, मात्र मी तिच्याकडे पाठ करून बसले तरच. आणखी चार मुले येऊ लागली आहेत. तरी सकाळी सात ते साडेआठ खोली उघडण्यास परवानगी मिळावी, ही विनंती. परवानगी मिळेपर्यंत खोली उघडणार नाही. आपली विश्वासू, र. भ. रोकडे, उपशिक्षिका.”

एवढंच आहे.

तिने परवानगी मागितली होती. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, ती रोज माझ्या मागे गाडीवर बसून शाळेत येत होती आणि उत्तराची वाट बघत होती. दवाखान्यातही तिने विचारलं नाही. अर्ज दिला की त्याला उत्तर येतं, असं तिला वाटत असणार. मी मात्र हौशीराम काय बोलले एवढंच धरून बसलो. त्या केंद्रप्रमुखांना मी मागच्या पत्रात हसलो. निदान त्यांनी मुलांना यंत्रासमोर बसवलं तरी. तुझ्या संगणकांना मी जे बोललो त्यातलं बरंचसं खरं आहे, पण त्यांनी माझ्याइतकं वाईट काही केलेलं नाही.

समृद्धी आता तिसरीत आहे, म्हणजे माझ्या वर्गात. वर्षभर माझ्यासमोर बसते आहे. मी तिला उभं करतो, प्रश्न विचारतो, तिच्या तोंडाकडे बघतो. ती भिंतीकडे बघते. प्रगतीपुस्तकावर मी ‘अबोल’ लिहिलं आहे.

शनिवारीच सरूबाईला म्हणालो, सोमवारपासून सातला खोली उघडणार आहे, मुलांना सांगा. ती कढई घासत होती. मान वर न करता म्हणाली, “आता सुचलं व्हय, सर?” मग म्हणाली, “सांगते.”

आज साडेसहाच्या जीपने गेलो. खोली उघडली. एक संगणक चालू झाला, दुसऱ्यात उंदराने वायर खाल्ली आहे. पाचजण आले, समृद्धी सगळ्यांत मागे. आवाज कसा बंद करायचा ते मला येईना, तिनेच पुढे होऊन केला. मी खुर्ची बाहेर व्हरांड्यात आणली आणि रस्त्याकडे तोंड करून बसलो. समोरून हौशीराम दुधाची कॅन घेऊन गेले. थांबले, आत बघितलं, मला “राम राम” म्हणाले आणि गेले. साडेआठपर्यंत आतून काही काही आवाज येत होते. त्यातला तिचा कुठला, मला माहीत नाही. मी वळून बघितलं नाही.

तेव्हा तुझ्या विचारण्याचं उत्तर असं. संगणक दे, पण पाच नकोत, दोन दे. सभापती नकोत, नारळ नको. पाटीही नको. तिचं नाव लावायचं तर तिला परवानगी मिळाली नव्हती हेही त्याखाली लिहावं लागेल, आणि तेवढी मोठी पाटी त्या दारावर बसणार नाही. पंधरा ओळी विसर. खुलासा तुझ्यासाठी उतरवला आहे, वेबसाईटसाठी नाही. आईंना मात्र वाचून दाखव. लेकीने लिहिलेलं आहे.

परवानगीपत्र सोबत जोडलं आहे. आमच्या जावक रजिस्टरात प्रत्येक महिन्याअखेर मी एक ओळ कोरी सोडतो. बरेच मुख्याध्यापक सोडतात, उशीर झालेलं पत्र मागच्या तारखेला बसवता येतं. डिसेंबर २००७ खालची ओळ अजून कोरी आहे. आज तिथे पेन टेकवलं होतं. मग उचललं. आडवी रेघ ओढली आणि ओळ मारून टाकली.

परवानगी ज्याने मागितली त्याच्याच नावे द्यायची असते. म्हणून तुझ्या नावे नाही, ‘श्रीमती रत्ना भरत रोकडे, उपशिक्षिका, यांस’ अशी लिहिली आहे. तारीख आजची. तुला पाठवली ती कार्बनप्रत आहे. मूळ प्रत माझ्यासमोर टेबलावर आहे, आणि ती फाईलला लावायला माझा हात होत नाही.

एक वर्ष दोन महिने उशिरा उत्तर देणारा,
भरत