गॅलरीतला हायड्रोजन

४ फेब्रु.
यांना हॉस्पिटलमधून घरी आणलं. जिना चढताना दोनदा बसले. हृदयाचा मोठा भाग मेलाय म्हणतात डॉ. उशीर केल्यावर मरणारच तो. छातीत कळ आली तेव्हा मी रिक्षा बोलावत होते, तर हे कोविडमधलं ऑक्सिजन मशीन नाकाला लावून बसले. बोटावरचं मीटर अठ्ठ्याण्णव दाखवतंय ना, मग कशाला घाबरतेस? वर आणि, "आयुष्यभर एमआयडीसीत सिलिंडर भरले मी. मला गॅस शिकवतेस?" दुपार तशीच घालवली. नस आत बंद, बोटाला अठ्ठ्याण्णव.

७ फेब्रु.
दिवसभर मोबाईल. बाहेरच्या देशात म्हणे अटॅकनंतर हायड्रोजन हुंगायला देऊन बघतायत, स्नायू कमी मरतात. पगारवाढ झाल्यासारखा चेहरा. मला उभं करून वाचून दाखवलं. भाजी करपली.

११ फेब्रु.
डॉ.कडे. हे प्रिंट काढून घेऊन गेले होते. डॉ. शांतपणे म्हणाले, "काका, तो ब्लॉक उघडायच्या वेळीच द्यायचा असतो, आणि तेही अजून ट्रायलमध्ये आहे. मेलेला स्नायू त्याने परत येत नाही."
रिक्षात बसल्यावर हे, "कालचं पोर."
मलाही वाटलं होतं, असेल काहीतरी. त्याचाच जास्त राग येतोय.

१४ फेब्रु.
उल्हासनगरच्या लच्छूशेठला यांचा फोन, हायड्रोजनचा सिलिंडर पाठव म्हणून. कंपनीत असताना यांच्याकडून माल न्यायचा. स्पीकरवर ऐकलं. "साहब, आपको ना थोड़ी बोलूँगा? पर ये भट्टी का माल है, नाक का नहीं."
"तू भेज."

१६ फेब्रु.
सिलिंडर आला. लालभडक, गॅलरीत तुळशीशेजारी उभा. संध्याकाळी दिवा लावायला गेले तर केवढ्याने ओरडले, "काडी ओढू नकोस!" शेगडीही बंद. म्हणजे काय आणलंय ते पक्कं ठाऊक आहे. म्हटलं, मग देवाला टॉर्च दाखवू का?
"हवेत किती मिसळायचा ते मला कळतं."
कळतं! कळत होतं म्हणूनच तर ही वेळ आली. हे बाथरूममध्ये गेल्यावर सिलिंडर उघडायचा पाना उचलला, पिठाच्या डब्यात खुपसला.

१७ फेब्रु.
सकाळपासून पाना शोधतायत. पलंगाखाली वाकले तर केवढी धाप. लच्छूशेठला चोरून फोन केला, घेऊन जा म्हटलं. "भाभीजी, परसों टेम्पो भेजता हूँ." परवा! तोवर मी काय करू?
जेवण शेजारच्या वहिनींनी दिलं. ताटावर बसल्यावर हे हळूच म्हणाले, "दे गं पाना. एकदा बघू दे. असं बसत बसत जिने चढून नाही जगायचं मला."
लग्नापासून नुसते हुकूम सोडले या माणसाने. मागितलं असं कधीच काही नव्हतं. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि वरण वाढलं.
तेवढ्यावरून यांना वाटतंय मी पाना देणार. गॅलरीत सिलिंडरशेजारी खुर्ची टाकून बसलेत. सवयीने चहा हवा का विचारलं, तर अटॅकनंतर पहिल्यांदा हसले. म्हणाले, "नको. शेगडी पेटवू नकोस आता."