आर्डिथ उभी आहे

मी, आर्डिथ मे गर्स्टनर, माहेरची होक, वय वर्षे एकोणऐंशी, कै. डेल्मर गर्स्टनर यांची पत्नी, राहणार टॉलिव्हर, पश्चिम कॅन्सस, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. कोणाचा दबाव नाही, आणि डोकं ठिकाणावर आहे. डोकं ठिकाणावर आहे हे वाक्य वकील एकदाच लिहितात. मला ते पुढे पुन्हा लिहावं लागणार आहे, कारण माझ्या घरात नेमकी त्याचीच शंका आहे.

यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

मुलगा कर्ट आणि नात टॅरिन यांनी एका खोलीत बसून हे मृत्युपत्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकल्याशिवाय कोणालाही काहीही मिळणार नाही. वकील मॅकनॅब ते मोठ्याने वाचतील. कर्ट मध्येच फोन घ्यायला बाहेर गेला तर त्यांनी थांबावं, आणि तो परत आला की ते कलम पुन्हा पहिल्यापासून वाचावं. जिवंतपणी माझं कोणी ऐकून घेतलं नाही. जमिनीपायी तरी घेतील.

कलम एक. गव्हाची जमीन, कुरण, गुरं, ट्रॅक्टर आणि सगळी अवजारे कर्टला द्यावीत. आत्ताही तोच सगळं बघतो, आणि चांगलं बघतो. खाली त्याच्याबद्दल जे येणार आहे ते ऐकताना त्याने हेही ध्यानात ठेवावं.

कलम दोन. राहतं घर सामानासकट नात टॅरिनला, विनाअट. मॅकनॅब म्हणाले, "बाई, अट घालता येते. बाळाला लस टोचल्याचा दाखला आणला तरच घर." मी नको म्हटलं. घरासाठी टोचून आणलं तर उद्या तीच म्हणेल की आजीने मला विकत घेतलं. मला तिला विकत घ्यायचं नाही. तिचा माझ्या शब्दावर विश्वास बसायला हवा आहे, आणि तो मीच घालवून बसले आहे. कसा, ते पुढे.

कलम तीन. माझ्या डाव्या पायाचा कॅलिपर, पोलादी सळ्यांचा आणि चामडी पट्ट्यांचा, कर्टला द्यावा. त्याने तो दोनदा मागितला आहे, पक्षाच्या कचेरीत काचेच्या पेटीत ठेवायला. तर आधी त्या कॅलिपरची हकीकत.

१९५२ च्या उन्हाळ्यात मला आणि माझी थोरली बहीण नॅडीन हिला एकाच आठवड्यात पोलिओ झाला. मी सहा वर्षांची, ती आठ. माझा पाय गेला. नॅडीनला श्वास घेता येईना. तिला शहरातल्या इस्पितळात एका लोखंडी पेटीत ठेवलं, फक्त डोकं बाहेर, आणि ती पेटीच तिचा श्वास चालवायची. आईला काचेपलीकडून बघू द्यायचे. नॅडीन त्या पेटीतच गेली.

लस आली १९५५ साली. माझे वडील पक्के रिपब्लिकन, सरकारी कागद नुसता दिसला तरी शिव्या घालणारे. ते माझ्या धाकट्या भावाला खांद्यावर घेऊन शाळेबाहेरच्या रांगेत सगळ्यांच्या आधी जाऊन उभे राहिले. त्या रांगेत बँकेचे साहेब होते, गुत्तेवाला होता, दोन्ही चर्चचे पाद्री होते. तू मत कोणाला देतोस, असं कोणी कोणाला विचारलं नाही. आई घरी येऊन ओट्याशी रडत बसली, की ही मेली लस तीन वर्षं आधी का नाही आली. पुढे मी कर्टला सगळ्या लशी टोचून आणल्या, टॅरिनलाही मीच नेलं. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी पुढचं केलं.

२०२१ च्या ऑक्टोबरात शाळेच्या व्यायामशाळेत काउंटीची सभा होती. आरोग्य अधिकारी डॉ. जोअॅन वेट्झेल यांना ठेवायचं की काढायचं, हा विषय. जोअॅन इथलीच, वेट्झेलांच्या शेतावर वाढलेली. रविवारच्या शाळेत मीच तिला शिकवलं. मुलांना लशी द्या, एवढंच ती सांगत होती, पण तेव्हा, करोनाच्या दिवसांत, एवढं बोलणाराही आपल्या बाजूचा की त्यांच्या, हे आधी ठरवलं जायचं. कर्ट काउंटीच्या मंडळावर नुकताच निवडून आला होता. आदल्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात कोबी-खिम्याचे बन खात तो म्हणाला, "आई, तू नुसती माइकपाशी येऊन उभी राहा. तुला बघितल्यावर ती जोअॅन तोंड उघडेल का?"

"मी बोलू काय पण?"

"पोलिओ झाला आणि तू त्यातून उठलीस. खोटं आहे का?"

"आणि नॅडीन?"

"नॅडीनमावशी कोणाला आठवतेय आता, आई."

मी गेले. काठीने कॅलिपरवर ठोकून दाखवलं आणि म्हणाले, "मला आणि माझ्या बहिणीला, दोघींना पोलिओ झाला. देवाच्या कृपेने आणि आईच्या हातच्या सूपाने दोघी बऱ्या झालो. कुठलं सरकार आलं नव्हतं. बघा, मी उभी आहे."

अख्खी व्यायामशाळा उठून टाळ्या वाजवायला लागली. ज्या पायाकडे लोक जन्मभर नजर चोरून बघत आले, त्या पायासाठी टाळ्या. मला त्या आवडल्या. लिहिताना मान खाली जाते, पण फार आवडल्या. नॅडीनला मी त्या टाळ्यांसाठी दिलं.

जोअॅन समोर मंचावर बसली होती. तिला खरं माहीत होतं. दवाखान्यात तपासणीच्या वेळी मीच तिला नॅडीनचं सगळं सांगितलेलं. ती एक वाक्य बोलली असती तर माझी तिथेच छी-थू झाली असती. ती माझ्याकडे बघत राहिली आणि गप्प बसली, कारण पेशंटने सांगितलेलं डॉक्टरने चारचौघांत बोलायचं नसतं. त्याच सभेत तिला काढलं. दवाखान्याच्या दारावर कोणीतरी लाल रंगाने घाण लिहून ठेवली. ती सत्तर मैलांवर नोकरीला गेली आणि आमचा दवाखाना बंद झाला.

मग पाट्या निघाल्या: "आर्डिथ उभी आहे." घराघरापुढच्या हिरवळीवर रोवलेल्या. टोप्याही निघाल्या. उरलेल्या पाट्या गॅरेजमध्ये आहेत, त्या जाळाव्यात. टोपी कुत्र्याच्या अंथरुणात आहे, ती तिथेच राहू द्यावी.

कॅलिपर कर्टला मिळेल, पण पेटीत ठेवायला नाही. त्याने तो एकदा स्वतःच्या डाव्या पायाला बांधावा आणि घरापासून रस्त्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत जाऊन यावं. त्याच्या मापाचा नाही, काचेल. काचू दे. त्यानंतर भंगारात घातला तरी माझी हरकत नाही.

कलम चार. पियानो पणती विला हिचा आहे. ती जन्मली त्याच दिवशी मी तो तिला द्यायचं बोलले होते.

त्या सभेत टॅरिन माझ्या मागे बसली होती. विला तेव्हा तिच्या पोटात होती. बाहेर आल्यावर माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आजी, तू म्हणजे जिवंत पुरावा आहेस." विलाला तिने एकही लस दिली नाही. कोणी विचारलं की सांगायची, आमच्या आजीला बघा. गेल्या वसंतात काउंटीत गोवर आला. विला तीन वर्षांची. ताप डोक्यात गेला, डॉक्टर सत्तर मैलांवर, आणि पोर वाचली पण दोन्ही कान गेले. मी पियानो वाजवते तेव्हा ती लाकडाला गाल लावून उभी राहते आणि माझ्याकडे बघते. माझ्याने तिच्याकडे बघवत नाही.

तरी पियानो तिचाच. दिलेलं मी परत घेत नाही. ती मोठी झाली की काय करायचं ते ठरवेल. बँकेतल्या बचतीतून, कलम सातचा खर्च जाऊन जे उरेल, त्यातून हातांच्या भाषेचा शिक्षक घरी लावावा. ती भाषा सगळ्यांनी शिकायची, कर्टनेही. हातवारे करून बोलायची सवय त्याला सभांमधून आहेच.

कलम पाच. माझ्या शुद्धीविषयी. विला इस्पितळातून घरी आली, नंतर टॅरिनला मुलगा झाला, ओटिस. एका रविवारी सगळे माझ्याकडे जेवायला होते. मी म्हटलं, "नॅडीन बरी झाली नव्हती. ती मेली. मी सभेत खोटं बोलले."

कर्टने काटा खाली ठेवला. "आई, तुला कोण भेटलं? जोअॅनचा फोन आला होता का?"

"मला कोण भेटायचंय? माझी बहीण होती ती, कर्ट. मी तिथे होते."

"सहाव्या वर्षीचं कोणाला धड आठवतं? आणि बरं आत्ताच आठवलं."

टॅरिन मांडीवरच्या ओटिसला थोपटत म्हणाली, "आजी, तू दमलीयस गं. विलाचं फार मनाला लावून घेतलंयस."

"याला तरी गोवराची लस टोचून आण. पहिला वाढदिवस झाला की लगेच. एवढंच मागते."

"तूच तर म्हणाली होतीस ना, आजी," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात कर्टने मला स्मरणशक्ती तपासायला नेलं. खोटं बोलले तेव्हा गावभर म्हणत होते, या वयातसुद्धा म्हातारीचं डोकं काय चालतं बघा. खरं बोलले तर डोकं तपासायला नेलं. तपासणीत काही निघालं नाही. कर्ट म्हणाला, तिथले लोकही त्यांच्यातलेच.

मी आजन्म रिपब्लिकन आहे आणि तशीच जाणार. पलीकडच्या बाजूने माझी पाठ थोपटायला येऊ नये. पण माझ्या बहिणीला काय झालं होतं, हे ठरवणं कुठल्याही पक्षाचं काम नाही.

म्हणून मृत्युपत्राची ही उठाठेव. लिहिणारा शुद्धीत आहे असं दोन माणसं सही करून सांगतात, असा माझ्या हाती उरलेला हा एकच कागद आहे. साक्षीदार मी विचार करून निवडले. जोअॅनची सही कर्ट मानणार नाही. म्हणून गुरांचे डॉक्टर मर्ल ब्रँट. आमच्याच पक्षाचे, आमच्याच चर्चचे, आणि कर्ट दर हंगामात एक प्रश्न न विचारता सगळी वासरं त्यांच्याकडून टोचून घेतो. मर्लने माझी चांगली उलटतपासणी केली आणि शेवटी म्हणाला, "काकू, तुम्ही गाय असतात तर मी कधीच दाखला देऊन मोकळा झालो असतो."

दुसरी साक्ष शेजारीण नोला स्टकी. माझ्याकडच्या निळ्या काचेच्या भांड्यावरून आमचं कित्येक वर्षांपूर्वी वाजलं, ते अजून मिटलेलं नाही. तिला सांगितलं, साक्षीदाराला वारसा मिळत नाही, भांड्यावर पाणी सोडावं लागेल. ती म्हणाली, "अगं आर्डिथ, ते भांडं मुळात माझंच आहे. वारसा कसला?" आणि पेन मागितलं. भांडं खरंच तिचं आहे. चर्चच्या जेवणानंतर मी ते जाणूनबुजून घरी आणलं. तेव्हा ते आजच परत करत आहे, म्हणजे मृत्युपत्रात धरू नये.

कलम सहा. डॉ. जोअॅन वेट्झेल. मी फोन केला तर ती एवढ्या लांबून गाडी हाकत आली. तिला काही ठेवते म्हटलं तर म्हणाली, "काकू, नको. लोक म्हणतील पैसे देऊन वदवून घेतलं." तेव्हा पैसा नाही. मात्र माझ्या पायाबद्दल आणि माझ्या बहिणीबद्दल मी दवाखान्यात जे सांगितलं, ते कोणालाही, कुठेही, त्याच व्यायामशाळेतल्या माइकवरसुद्धा सांगायची मी तिला आजपासून मोकळीक देते. माझ्यासाठी तिने तोंड बंद ठेवलं आणि स्वतःचं गाव घालवलं. मी माफी मागितली. ती ठीक आहे म्हणाली नाही, आणि तिने म्हणावं अशी माझी अपेक्षाही नाही. कॉफी घेतली आणि ओटिस किती महिन्यांचा झाला ते विचारलं.

कलम सात. कोणालाही काही देण्याआधी पहिला खर्च नॅडीनच्या थडग्यावरच्या दगडाचा करावा. त्यावर नाव आहे आणि जन्म-मृत्यूची दोन सालं आहेत. कशाने गेली ते आईवडिलांनी कोरलं नाही, कारण तेव्हा ते गावात सगळ्यांना माहीत होतं. आता ते कोणाला आठवत नाही, आणि त्यात माझा हात आहे. नावाखाली कोरावं: "पोलिओने गेली, वय आठ." अक्षरं मोठी असावीत, टॅरिनला ओटिसला कडेवर घेऊन उभ्या उभ्या वाचता येतील एवढी. मला तिच्याशेजारी पुरावं. माझ्या दगडावर फक्त नाव.

टॅरिन, माझं हृदय थकलंय आणि ओटिसचा पहिला वाढदिवस मी बघेनसं दिसत नाही. दुसऱ्या कलमात मी म्हटलं की तुझा माझ्यावर विश्वास बसायला हवा. लिहिता लिहिता कळलं की तेही चुकलंच. तू माझ्यावर विश्वास ठेवलास म्हणून विलाचे कान गेले. माझ्यावर ठेवू नकोस, बाळा. नॅडीनवर ठेव.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, मला समजला, आणि तो माझाच आहे. सही करायला मॅकनॅबनी मला उठवायला हात पुढे केला. मी नको म्हटलं. कॅलिपर काढून जमिनीवर ठेवला आहे, आणि ही सही मी बसून केली आहे.

(सही) आर्डिथ मे गर्स्टनर

साक्षीदार:
१. मर्ल ब्रँट, पशुवैद्य. बाई पूर्ण शुद्धीत आहेत. कर्ट, शंका असेल तर मला येऊन विचार, वासरांच्या वेळी विचारत नाहीस तरी.
२. नोला स्टकी, शेजारीण. मी समक्ष पाहिलं. नॅडीन माझ्या वर्गात होती. मला आठवते.

स्थळ: टॉलिव्हर, कॅन्सस
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५