बकाल्यासमोर चालू ठेवलेली गाडी

अण्णा, मला एवढेच सिद्ध करायचे आहे, की उन्हामुळे मुलाला चालू गाडीत ठेवणारा माणूस बहुधा निष्काळजी नसतो. तो एका अपुऱ्या गृहीतकावर विसंबलेला असतो.

तुम्ही पाटबंधारे खात्याची जीप चालवत होता. चहाला उतरतानाही किल्ली काढून खिशात टाकायचात. सात वर्षांचा असताना मी त्या बंद जीपच्या गिअरला हात लावला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "हात काढ. ते खेळणं नाही." आठवडाभर मला जीपजवळ फिरकू दिले नाहीत. तो अन्याय आहे असे मी मानत राहिलो. उतारावर उभी गाडी गिअरच्याच आधाराने थांबलेली असू शकते, हे इंजिनिअर झाल्यावर कळले.

रियाधमध्ये मी तीस वर्षे नोकरी करतो आहे; मुलगीही इथेच बँकेत आहे. मागच्या महिन्यात पाच वर्षांच्या नातीला घेऊन दही आणायला निघालो, तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, उतरताना गाडी बंद करा हं. तिलाही आत न्या."

"दोन मिनिटांसाठी तिला उन्हात उतरवू? ब्रेक दाबल्याशिवाय गिअर पार्किंगमधून निघतच नाही."

"तुमच्याशी वाद नको, बाबा."

अल मलाझमधल्या बकाल्यात, त्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, मी दह्याचा डबा उचलतो आणि काचेतून पाहतो: गाडी मागे सरकते आहे. मागच्या टेम्पोतून पाण्याची खोकी उतरवणारा केरळी माणूस उडी मारून बाजूला होतो. गाडी टेम्पोवर आदळून थांबते. तो ओरडतो, "चाचा, बच्ची को छोड़ के गाड़ी चालू रखा?" पट्टा सोडून पुढे आलेली नात स्टिअरिंगखाली उभी आहे. "आजोबा, आय डिड इट! फर्स्ट ब्रेक, देन आर!"

आर म्हणजे रिव्हर्स. ब्रेकवर पाय हवा, एवढेच ते यंत्र तपासते. पाय कुणाचा, हे नाही. माझ्या युक्तिवादात हे कलम नव्हते. त्या माणसाचे दोन्ही पाय शाबूत आहेत, ते त्याच्या चपळाईमुळे.

घरी मुलीने नातीला विचारले, "हे तुला शिकवलं कुणी?"

तिने माझ्याकडे पाहिले. "नोबडी."

"खोटं बोलू नकोस!" त्या संध्याकाळी नात रडत झोपली. मी वर्तमानपत्र वाचत होतो.

शुक्रवारी सकाळी रिकाम्या आवारात मीच तिला पुढ्यात उभी करून ब्रेकवर पाय, गिअरवर हात ठेवायला शिकवत असे. हे मुलीला अजून सांगितलेले नाही. तुम्हाला सांगणे सोपे आहे, कारण हे पत्र कुठेच जाणार नाही.

चूक मान्य: पाच वर्षांची मुलगी माझ्यासाठी खोटे बोलली, आणि मी तिला बोलू दिले.

तुमचा मुलगा